झाडं, जंगल, वणवे: लोक सारखं विचारतात ते प्रश्न आणि आमची उत्तरं

मे संपत आला की आम्हाला फोन सुरू होतात. "पाच जूनला आमची शंभर लोकांची टीम आहे, कुठे झाडं लावू?" आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा खरंच माणसं हवी असतात, डोंगर पेटलेला असतो, तेव्हा फोन करावा लागतो तो आम्हालाच, आणि पलीकडून "अरे आज नेमकं जमत नाहीये". असो. तक्रार बाजूला. आम्ही पुण्यातली पंधरा-वीस जणं मिळून मावळ-मुळशीच्या बाजूला गेली काही वर्षं झाडं लावायचं, जंगल राखायचं, वणवे विझवायचं काम करतोय. तज्ज्ञ नाही, पण चुका भरपूर करून झाल्यात, त्यातून जे कळलं ते एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळा मेसेज टाइप करायला नको.

झाडं कशासाठी पाहिजेत? ऑक्सिजनसाठीच ना?

सगळे इथूनच सुरुवात करतात, आणि खरं सांगायचं तर हे सगळ्यात कच्चं कारण आहे. हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन आहे, तो काही पुढच्या सोमवारी संपत नाहीये, आणि जुनं भरलेलं जंगल दिवसा जेवढा ऑक्सिजन बनवतं त्यातला बराचसा त्याच जंगलातली झाडं, किडे, बुरशी, कुजणारा पाला मिळून वापरून टाकतात. त्यामुळे "एक झाड इतक्या लाखांचा ऑक्सिजन देतं" वाले फॉरवर्ड आले की आम्ही नुसता अंगठा दाखवून पुढे जातो.

खरी कारणं जास्त जमिनीवरची आहेत. सावली. पाणी मुरणं. माती जागेवर राहणं. जनावरांना चारा, माणसांना हिरडा, मोहाची फुलं, तेंदूपत्ता, करवंदं, मध. झाड मुळांनी पाणी ओढून पानांतून हवेत सोडतं, त्यात उष्णता खर्च होते म्हणून वडाखालची सावली आणि पत्र्याच्या शेडखालची सावली यात फरक पडतो, एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं उभं राहून बघा, थर्मामीटर लागत नाही. आणि कार्बन, हो, तोही आहेच, वाळलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं, म्हणजे झाड तोडून जाळलं की इतक्या वर्षांत साठवलेला तो सगळा एका दुपारी परत हवेत.

झाडांमुळे पाऊस पडतो म्हणतात, खरं का?

आपल्याकडचा पाऊस मुख्यतः समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात म्हणून पडतो. डोंगर उघडा असला तरी तो पडणारच आहे. प्रश्न पडल्यानंतरचा आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याच्याही वर पाऊस होतो आणि तरी एप्रिलमध्ये वाडीवर टँकर लागतो, हे लहानपणी मला कोडंच वाटायचं. उघड्या उतारावर पाणी नुसतं पळतं. झाडी असेल तर थेंब आधी पानावर पडतो, मग पाल्याच्या थरावर, मग मुळांनी आणि गांडुळांनी पोकळ केलेल्या मातीत शिरतो आणि खाली कुठेतरी झऱ्यातून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत येत राहतो. आजीच्या गावी देवराईखालचा झरा मे महिन्यातही बारीक वाहायचा, करंगळीएवढी धार, हंडा भरायला अर्धा तास लागायचा, पण आटायचा नाही. शेजारच्या बोडक्या टेकडीखालचा ओढा दिवाळीतच कोरडा.

कृष्णा, भीमा, गोदावरी, तिन्ही इथूनच निघतात. घाटावरचं जंगल गेलं की त्याचा हिशोब सोलापूर-नांदेडपर्यंत जातो.

झाडं लावली तर दरडी थांबतील का?

काही थांबतील, काही नाही. वरवरची माती मुळं धरून ठेवतात, हे नक्की. पण खोलवरचा सगळा थरच पाण्याने फुगून घसरला तर झाडांसकट खाली येतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाव गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली, आणि तिथे तर आजूबाजूला झाडी होती. म्हणून "झाडं लावा, दरड थांबवा" असं पोस्टर आम्ही लावत नाही. उताराचा पायथा जेसीबीने कापणं, वर सपाटीकरण करणं, ओढ्याची वाट बुजवून रस्ता काढणं, हे थांबवल्याशिवाय नुसती रोपं काय करणार? तीव्र उतारावरच्या वस्तीचं पुनर्वसन हा वेगळा विषय, त्याला रोपटं हे उत्तर नाही.

महाराष्ट्रात जंगल आहे तरी किती? सरकार तर म्हणतं वाढतंय.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालानुसार साधारण ५०,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे राज्याच्या साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणात देशासाठी ठेवलेलं टार्गेट एक तृतीयांश होतं. आणि जे आहे त्यातला मोठा वाटा गडचिरोली-चंद्रपूर-अमरावती पट्ट्यात, मराठवाड्यात तर शोधावं लागतं.

आता "वाढतंय" ची गंमत. या मोजणीत एक हेक्टरपेक्षा मोठी आणि दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाडोरा असलेली कुठलीही जमीन सॅटेलाइटवरून वनाच्छादन म्हणून धरतात, मग ती कोणाच्या मालकीची आहे आणि त्यावर कुठली झाडं आहेत हे बघत नाहीत. म्हणजे आंब्या-काजूची बाग, रबराची लागवड, निलगिरीचे पट्टे, सगळं त्यात येऊ शकतं. एका तालुक्यात जुनं जंगल कापलं आणि दुसरीकडे बाग वाढली तर आकडा जैसे थे. आकडा खोटा नाही, फक्त आपण "जंगल" म्हटल्यावर डोळ्यासमोर येतं ते आणि आकड्यातलं जंगल यात अंतर आहे. बातमी वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

आमच्या कंपनीला एका दिवसात ५०० झाडं लावायची आहेत. जागा सुचवा.

सुचवतो, पण आधी आमची फजिती ऐका. सुरुवातीच्या वर्षी आम्ही पण असंच केलं होतं, जुलैचा पहिला रविवार, दोन बस, टी-शर्ट, बॅनर, वडापाव. नर्सरीतून मिळाली ती रोपं, घाईघाईने खणलेले वीतभर खड्डे, काही रोपांची तर काळी प्लास्टिकची पिशवीसुद्धा न काढता तशीच पुरलेली (हे नंतर कळलं, उपटून बघितल्यावर, मुळं आतल्या आत गोल गोल फिरून गुंडाळी झालेली). ऑक्टोबरमध्ये गवत डोक्याएवढं झालं, रोपं दिसेनात. जानेवारीत शेळ्या. मार्चमध्ये वणवा. पुढच्या पावसाळ्यात मोजायला गेलो तर जिवंत रोपं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी, आणि गंमत म्हणजे त्याच उतारावर आम्ही न लावलेली ऐनाची, करवंदाची, दामणाची धुमारे फुटलेली झुडपं शेकड्याने होती, बुंध्यापासून जळलेली आणि परत फुटलेली. जंगल तिथे होतंच हो, दरवर्षी जळत होतं म्हणून गुडघ्याच्या वर येत नव्हतं. आणि आम्ही त्यालाच खुरट समजून खणून त्याच्या जागी रोपं लावत होतो!

त्यानंतर आमचा क्रम बदलला. आधी आग अडवायची, मग चराई थोडी आवरायची (गावाशी बोलून, कुंपण घालून भांडणं लावून नाही), मग तीन पावसाळे नुसतं बघायचं काय उगवतंय, आणि जिथे काहीच उगवत नाही तिथे लावायचं. त्या उतारावर आता माणसाच्या उंचीची झाडी आहे आणि त्यातलं आम्ही लावलेलं फार थोडं.

म्हणून कंपन्यांना आमचं सांगणं: ५०० ऐवजी ५० लावा, तीन उन्हाळे पाण्याचा आणि एका स्थानिक माणसाच्या पगाराचा खर्च उचला. बहुतेक जण इथेच फोन ठेवतात. फोटो ५० झाडांचा पण चांगला येतो, खरंच.

राज्य सरकारने २०१६ ते २०१९ मध्ये २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि शेवटी ३३ कोटी अशा चढत्या आकड्यांनी लागवडी केल्या. लावलेल्यांचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत.

कुठली झाडं लावायची? गुलमोहर चालेल का, दिसतो छान.

दिसतो छानच. मे महिन्यात पेटतो नुसता. पण तो मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, पहिल्या वादळी पावसात गाडीवर पडलेलं झाड बघा, बऱ्याचदा गुलमोहर नाहीतर सोनमोहर नाहीतर रेन ट्री. रस्त्याकडेला असलेला गुलमोहर तोडा असं कोणी म्हणत नाहीये, नवीन लावू नका एवढंच.

गिरिपुष्प म्हणजे उंदीरमारी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी ही वर्षानुवर्षं लावली गेली कारण पटकन वाढतात आणि जनावरं फारशी तोंड लावत नाहीत (सुबाभूळ सोडून). पुण्यातल्या टेकड्यांवर जानेवारी-फेब्रुवारीत गुलाबी फुलांचे ताटवे दिसतात, लोक "अपना साकुरा" म्हणून रील टाकतात, ते गिरिपुष्प. त्याच्याखाली फिरून बघा, पक्ष्यांचा आवाज किती कमी येतो ते.

लावायचंच तर आजूबाजूच्या जुन्या जंगलात, देवराईत काय आहे ते बघून लावा. घाटमाथ्याला जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा, उंबर. कोकणात किंजळ, ऐन, कोकम, सातवीण, भेरली माड. देशावर कोरड्या भागात कडुनिंब, बाभूळ, पळस, बोर, हिवर. रस्त्याला करंज, बहावा, ताम्हण (राज्यफूल आहे, जांभळं, गुलमोहराला काही कमी नाही). जागा मोठी असेल तर वड, पिंपळ, नांदरुक, पायर यातलं एक तरी, कारण बाकी काही फळत नसतं तेव्हा ही फळतात आणि हरियल, धनेश, वटवाघळं सगळी तिथे जेवायला. मात्र पिंपळ भिंतीजवळ नको. नंतर शिव्या आम्हाला पडतात.

मोकळा माळ पडलाय गावाबाहेर, तिथे जंगल करू या?

थांबा. प्रत्येक मोकळी जागा म्हणजे तुटलेलं जंगल नसतं. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडचा गवताळ माळ हा मुळातच गवताळ आहे, तिथे लांडगा, खोकड, चंडोल, धाविक राहतात, नान्नजचं माळढोक अभयारण्य तशाच माळावर केलंय. तिथे चर खणून झाडं लावली की या सगळ्यांचं घर आपण "हरित" करून घालवतो. तसंच सह्याद्रीतले सडे. कास पठार आणि तसे बाकीचे कातळ वरून ओसाड दिसतात, वीतभर पण माती नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे जे उमलतं त्यातलं काही जगात दुसरीकडे कुठे नाही. पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या त्यात कास आहे, कोयना, चांदोली आणि राधानगरीबरोबर. कातळाला ब्रेकर लावून खड्डे मारणारे महाभाग आम्ही पाहिलेत.

मियावाकी कसं आहे?

छोट्या जागेत झटपट दाट झाडी करायची ही जपानी पद्धत. शहरात अर्धा गुंठा पडीक जागेवर ठीक. एका चौरस मीटरात तीन-चार रोपं दाटीने लावतात, पटकन हिरवं दिसतं, धूळ-आवाज अडतो. खर्च खूप. डोंगरावर, जंगलाशेजारी काही गरज नाही.

खड्डा किती, पाणी किती, कधी लावायचं?

मे महिन्यात दीड-दोन फुटी खड्डा खणून ठेवा, उन्हाने माती तापू द्या. दोन-तीन चांगले पाऊस झाले की जून अखेर-जुलै सुरुवातीला लावा, ऑगस्टच्या १५ ला झेंडावंदनानंतर लावलेल्या रोपाला मुळं धरायला वेळच मिळत नाही. पिशवी काढा (परत सांगतोय). रोप छोटं असलं तरी चालेल, मुळं सरळ हवीत. आळ्यात वाळला पाला पसरा, बुंध्याला न चिकटवता. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा पाणी, दुसरा एकदा, तिसरा पंधरा दिवसांनी. ट्री गार्ड लावलं तर चार-पाच वर्षांनी ते काढायचं पण असतं, नाहीतर खोड जाळीत रुतून बसतं, शहरात अशी जाळी गिळलेली झाडं पावलोपावली दिसतील.

वणवे लागतात कसे? उन्हामुळे आपोआप?

आपल्याकडे आपोआप जवळजवळ नाहीच. फांदीवर फांदी घासून वगैरे गोष्टीतलं. माणूसच लावतो, मुद्दाम नाहीतर हलगर्जीपणाने, फेब्रुवारी ते मे. कारणं वेगवेगळी आणि प्रत्येकामागे काहीतरी लॉजिक आहे, म्हणून नुसती गावकऱ्यांच्या नावाने बोंब मारून उपयोग नाही.

मावळ-कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर शेण, पाला, ऐन-किंजळीच्या तोडलेल्या फांद्या, गवत, वर माती असं रचून पेटवतात, वाऱ्याच्या दिवशी ठिणगी बांधाबाहेर गेली की संपलं. काही ठिकाणी वाळकं गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं असा समज आहे, कोवळे कोंब लवकर दिसतात हे खरं पण बी, बारकी रोपं आणि वरची माती जाते ते दिसत नाही. विदर्भात मोहाखालचा पाला जाळतात, खाली पडलेली फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून, आणि तेंदूला नवी पानं लवकर यावीत म्हणून. शिकारीसाठी. ट्रेकर्सची शेकोटी, सिगारेट. आणि जमिनीचे व्यवहार, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, समजून घ्या.

एप्रिल हा रातवा, टिटवी, लावे यांचा अंडी घालायचा काळ, तेही जमिनीवर. एकदा आग विझल्यावर सकाळी राखेतून चालताना दोन अंडी दिसली, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची झालेली, शेजारी काहीच नाही, घरटं म्हणायला खड्डा फक्त.

समोर वणवा दिसला तर काय करू?

पहिलं, फोन. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन १९२६. जवळच्या गावात कोणी ओळखीचं असेल तर त्यालाही, कारण फॉरेस्टचा एक गार्ड आणि चार वनमजूर पाच-सात गावं सांभाळत असतात, ते पोचेपर्यंत गावची पोरंच विझवतात.

स्वतः विझवायला जायचं असेल तर एकटे जाऊ नका, सोबत माहीतगार माणूस हवाच. अंगात सुती कपडे, नायलॉनची ट्रॅक पँट नको, ती कातडीला चिकटते. आग उतारावर वर चढते आणि वेगाने चढते, तेव्हा आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. हिरव्या फांद्यांनी झोडपायचं म्हणजे वर उचलून धपाधप नाही, तसं केलं की ठिणग्या उडतात, दाबून जळलेल्या बाजूकडे ओढायचं. संध्याकाळी वारा पडला, दव धरलं की सोपं जातं. उंच गवत आणि वारा असेल तर लढू नका, पुढे पायवाट, ओढा, जळकं रान गाठा आणि तिथे अडवा. शेवटचा लाकडाचा ओंडका धुमसत राहतो, त्यावर माती टाकल्याशिवाय घरी येऊ नका, आम्ही एकदा चहा प्यायला खाली उतरलो आणि वर येईपर्यंत परत पेटलेलं.

खरं काम त्याआधीचं. डिसेंबर-जानेवारीत जाळरेषा काढणं, म्हणजे ठराविक रुंदीचा पट्टा गवत कापून साफ करणं, ज्यापलीकडे आग उडी मारणार नाही. कंटाळवाणं आहे, कंबर मोडते, फोटो अजिबात चांगला येत नाही. माणसं इथे पाहिजेत.

देवराई म्हणजे नक्की काय? मंदिराभोवतीची झाडं?

उलटं बघा. झाडीत देव आहे. कोकणात देवरहाटी म्हणतात, गोव्यात देवराय. काळकाई, वाघजाई, म्हसोबा, भैरवनाथ, वेताळ, बऱ्याचदा नुसता शेंदूर फासलेला दगड, डोक्यावर छप्पर पण नाही, आणि भोवती अर्ध्या एकरापासून कित्येक एकरांपर्यंत असं रान ज्यातली वाळकी काटकी पण घरी न्यायची नाही. काही ठिकाणी झाड तोडायचंच झालं तर देवाला कौल लावतात, कौल मिळाला नाही तर विषय संपला. व. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात या राया फिरून त्यांच्यावर लिहिलं तेव्हा शहरातल्यांना कळलं की आपल्याकडे असं काही आहे.

आत गेल्यावर पहिल्यांदा कळतो तो थंडावा, मग वास. गारंबीचा वेल मांडीएवढा जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, आणि त्याची शेंग हातभर ते पुरुषभर लांब, आतलं बी तळहातावर मावेल एवढं चपटं चॉकलेटी. पवन मावळातल्या आजिवलीच्या राईत भेरली माडांची दाटी आहे, तशी आजूबाजूला कुठे राहिलेली नाही.

मोडतात कशा? कुऱ्हाडीने कमी, भक्तीने जास्त. मुंबईला गेलेली पोरं पैसे पाठवतात, दगडाच्या देवाला आरसीसीचं मंदिर हवं, टाइल्स हव्यात, गाड्या लागायला जागा हवी, आणि काही ठिकाणी तर त्याच देवाची झाडं विकून त्याच देवाचा कळस चढतो. देवाला उघड्यावर राहायचं असतं अशी आजीची पक्की समजूत होती, त्या वाघजाईला घर बांधलं तर कोपते म्हणायची. आता तिथे स्लॅब आहे.

तुमच्या गावाला राई असेल तर जत्रेच्या मीटिंगला जा. जीर्णोद्धाराचा विषय तिथे ठरतो, फेसबुकवर नाही.

माझ्याच शेतातलं झाड तोडायला परवानगी कशाला?

कारण १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा. त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, जांभूळ, बिजा, हळदू, तिवस, अंजन आणि खारफुटी आहेत. यातलं काही तोडायचं तर आधी अर्ज. बांबूचं सोपं झालंय, २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर लावलेला बांबू कायद्याने झाड राहिला नाही.

कोकणात बरंचसं जंगल खासगी सातबाऱ्यावर आहे. व्यापारी येतो, अख्खा डोंगर उभ्या झाडांसकट घेतो, शेतकऱ्याला हातात पडतात ते पैसे बघितले तर रडू येईल, आणि जातात त्यात धनेशाच्या ढोलीचे बेहडे. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फटीतून नर भरवतो, काही महिने. तेवढी मोठी ढोली पडायला झाड किती जुनं लागत असेल विचार करा. तोडायला कटरला वीस मिनिटं. मालकाला दोष देऊन आपण मोकळे होतो, पण मुलीचं लग्न किंवा दवाखाना निघाल्यावर त्याच्याकडे विकायला दुसरं काय असतं? त्याला झाड उभं ठेवून काही मिळालं, हिरड्याला, कोकमाला, मधाला नीट भाव मिळाला, तरच हे थांबेल.

आमच्या सोसायटीसमोरचं झाड तोडतायत. थांबवता येईल?

शहरात १९७५ चा झाडांच्या संरक्षण-जतनाचा कायदा आहे, महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण त्याखाली येतं. तोडण्याआधी झाडावर नोटीस लावायची असते, पेपरात द्यायची असते, त्यात हरकतीची मुदत असते. लेखी हरकत द्या, पोच घ्या, झाडाचा फोटो, घेर, सगळं जोडा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवीन लावायची. नोटीस नाही आणि करवत चालू आहे, तर परवानगीचा कागद मागा, नसेल तर व्हिडिओ काढा आणि उद्यान विभाग, पोलीस दोघांना कळवा. बहुतेक वेळा "छाटणी" म्हणून परवानगी घेतात आणि नुसता खांब उभा ठेवतात.

आणि आधी आपलंच घर बघा. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घातलेत का? निदान मीटरभर माती मोकळी ठेवा. खिळे ठोकून क्लासचे बोर्ड, लायटिंगच्या माळा आवळलेल्या, खाली झाडलेला पाला पेटवलेला. आमच्या गल्लीत एक काका रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि मग बदामाचा पाला जाळतात.

सणांना झाडं लागतात, त्याचं काय?

वटपौर्णिमेला वडाकडे जायचं असतं, वड घरी आणायचा नसतो. वीस रुपयांची फांदी कुंडीत खोचून पूजा करणं म्हणजे कोणाच्यातरी वडाचे हातपाय आणणं. दसऱ्याचं सोनं म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा आपटा नसतोच, कांचन असतो, मोठं पान. आपट्याचं पान त्याच्यापेक्षा लहान आणि रुंदीला जास्त. एक पान द्या की, जुड्या कशाला. होळीला गोवऱ्या. विषय संपला.

गावातले लोकच जंगल तोडतात ना, त्यांना बाहेर काढलं तर वाचेल?

हा प्रश्न शहरातून येतो आणि उत्तर धानोरा तालुक्यात, गडचिरोलीत आहे. मेंढा (लेखा). गोंड आदिवासींचं छोटं गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला पण आपलाच बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात, ते भांडण चाललं आणि २०११ मध्ये केंद्रीय मंत्री स्वतः गावात आले तेव्हा ग्रामसभेच्या हातात परवाना-पुस्तक पडलं. कुठला बांबू कापायचा, किती ठेवायचा, गस्त कोणाची, सगळं ग्रामसभेत, एकमताने, मीटिंगा लांबतात, लांबू दे. त्यानंतर गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा तेंदू-बांबू स्वतः विकायला लागल्या. ज्याचं पोट त्या जंगलावर आहे त्याला मालकीची खात्री दिली की तो राखतो, सगळीकडे जादू होत नाही, भांडणं आहेत, पण "लोकांना हाकला" पेक्षा हे कधीही बरं.

मला वेळ नाही, डोंगर चढवत नाही. तरी काही?

रानमेवा, मध, हिरडा, बांबूच्या वस्तू थेट ग्रामसभांकडून, बचत गटांकडून घ्या. सेकंड होम घेताना प्लॉट आधी काय होता विचारा, "निसर्गरम्य" जाहिरातीतला निसर्ग बऱ्याचदा त्याच प्लॉटवरून साफ केलेला असतो. आणि पैसे द्यायचे तर रोपाला नको, राखणदाराला द्या.

मुलांबरोबर घरी काय करता येईल?

बिया. पण सीडबॉल (मातीच्या गोळ्यात बी) करून ट्रेकला भिरकावू नका, उंदीर-मुंग्यांची पार्टी होते. बहावा, शिकेकाई कडक सालीचे, गरम पाणी ओतून रात्रभर ठेवा, मग पेरा. जांभूळ मात्र खाऊन बी वाळवून डब्यात भरून ठेवली की गेली, ती ओली असतानाच लावायची, जूनमध्ये खाल्लं की त्याच संध्याकाळी, दुधाच्या पिशवीला खाली दोन भोकं पाडून, माती-शेणखत भरून. कडुनिंबाचंही तसंच, दोन-तीन आठवड्यांत पेरलं नाही तर फारसं रुजत नाही. एका जांभळाच्या बीतून कधीकधी दोन-तीन कोंब येतात, मुलं भांडतात माझा कुठला म्हणून.

जागा नसेल तर रोपं आमच्याकडे आणून द्या, पिशवीवर झाडाचं नाव आणि बी कुठून घेतलं ते मार्करने लिहून. बॉलपेन पावसात जातं.